कवडीची गादी

पातूरला बसस्टँडमागे शकीलाचाचींचं गाद्यांचं दुकान होतं. कापूस पिंजायला घेण्याआधी त्या विचारायच्या, "कोनाच्या वावरातला?" नाव कळलं की चिमूटभर कापूस कपाळाला लावायच्या. "अल्ला त्याले बरकत देवो." मगच मशीन सुरू. त्या दुष्काळाच्या वर्षांत वावराचं नाव निघालं की लोक उसासे टाकायचे. चाचींच्या बरकतीचा मला तेव्हा रागच आला होता.

अमरावतीला क्लास लावून मी स्पर्धा परीक्षेत तीनदा नापास झाले होते. कारणं पाठ होती: बाबांनी चांगल्या शाळेत घातलं नाही, दुष्काळ पडला, खोलीवर झोप लागत नव्हती. बाबांशी दोन महिने बोलणं बंद होतं. तरी चौथ्या खेपेला जाताना गादी भरून घे असा निरोप देऊन त्यांनी सरकी काढलेला कापूस पाठवला. तोही कवडी, ऐन वेचणीच्या अवकाळी पावसात भिजून पिवळा पडलेला, बाजारात कुणी न घेतलेला.

"माझ्या नशिबी हेच," मी पोतं टेकवत म्हटलं.

"पयले बापाचं नाव सांग." मी सांगितलं. तो पिवळा कापूसही त्यांनी कपाळाला लावला आणि ढीग माझ्यापुढे सरकवला. "गाठी काढ."

"मी?"

"मंग कोन? झोपनार तू हायेस ना?"

त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. "मशीननं खाल्ली म्हनतेत लोकं. खोटं हाय. चालू पट्ट्यात म्याच हात घातला. घाई माही होती." मग खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाल्या, "आठ हायेत अजून. आठ बोटायनं दोन पोरी उजवल्या. शुक्र हाय."

तासाभरात माझी पाठ भरून आली. "झालं," मी म्हटलं. झालं नव्हतं. चाचींनी ढिगात हात घालून गाठी चाचपल्या.

"तुया बापानं वाकून वाकून येचला हा. पाऊस का त्यानं पाडला? फेकला नाई, तुले देला. अन् तू तासात थकली?"

मला लाज वाटली. तरी पुन्हा हात लावला नाही, खरंच थकले होते. त्यांनी कापूस तसाच पिंजून भरला.

गादी घेऊन मी अमरावतीच्या नाही, गावाच्या बसमध्ये बसले. बाबा बाजेवर पोतं अंथरून झोपायचे. मी त्या बाजेवर गादी पसरली. "अन् तुले?" ते म्हणाले. "सतरंजी आहे," मी म्हटलं. दोन महिन्यांनी एवढंच बोललो.

चौथ्यांदाही नापासच झाले. या वेळी कारण सांगितलं नाही, अभ्यास कमी पडला म्हटलं. आता अकोल्यात शिकवण्या घेते. दमायला होतं, पण जेवण गोड लागतं.

चाची छातीच्या दुखण्याने गेल्या. बाबाही गेले. गादी माझ्याकडे आहे. पायथ्याचा एक कोपरा टोचतो. पाहुणे म्हणतात, पिंजारणीनं फसवलं तुम्हाला.

मी सांगते, नाही, तेवढ्या गाठी मीच काढायच्या ठेवल्या.