लॉनवरच्या बकेटी

आमच्या वसतिगृहातल्या न्हाणीघरांचं पाणी मागच्या भिंतीतून बाहेर पडायचं आणि तिथंच साचून राहायचं. साबणाचा वास मारणारं हिरवट डबकं. अंधार पडला की डास खिडकीतून आत येत, आणि पावसाळ्यात कोणी ना कोणी थंडीतापानं घरी जायची. नव्वदचं दशक संपत आलं असताना मी चंद्रपूरच्या त्या कॉलेजात शिकायला गेले, तेव्हा मुली खिडक्या लावून घेत आणि गप्प बसत.

माझी खोलीतली जोडीदारीण गप्प बसणारी नव्हती. ती गडचिरोलीतल्या एटापल्लीच्याही पलीकडची. पावसाळ्यात तिच्या गावाला बस जात नसे. घरी माडिया बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे शब्द तोलून बोलायची. मी पोंभुर्ण्याकडची. माझे बाबा गावच्या तलावात मासे धरायचे. उन्हाळ्यात तलाव आटला की आमच्या घरात काय होतं ते मला ठाऊक होतं. पाणी असं वाया जाताना पाहून दोघींचंही डोकं फिरायचं.

कॉलेजात पर्यावरण मंडळ होतं. जुलै महिन्यात पाहुणे येत, बॅनर लागे, रोपं लावताना फोटो निघत. उरलेली रोपं पिशव्यांसकट स्टेजमागं टाकून देत. पहिल्याच वर्षी जोडीदारणीनं मंडळाच्या सरांना विचारलं, "सर, ही रोपं आम्ही नेऊ का?"

"न्या की. नाहीतरी फेकायचीच आहेत," सर म्हणाले.

आम्ही ती मागं नेली. करंज, कडुनिंब, आवळा, थोडी सीताफळं. शिपाईभाऊंकडून टिकास आणि फावडं मागून आणलं. डबक्यापासून कुंपणापर्यंत नाली खोदली. तोंडाशी एक खड्डा केला, त्यात गिट्टी आणि रेती भरली, काठानं कर्दळ लावली, म्हणजे साबणाचं पाणी तिथं जरा निवळून पुढं झाडांकडं जाईल. हाताला फोड आले. पहिले काही दिवस बाकीच्या मुली गॅलरीतून पाहून हसायच्या. मग एकेक खाली यायला लागली. दिवाळीपर्यंत डबकं उरलं नाही, डास कमी झाले, आणि रेक्टरबाई संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसू लागल्या. दुसऱ्या वर्षी कडुनिंब आमच्या डोक्याच्या वर गेला. मधल्या जागेत आम्ही पालक आणि वांगी लावली. मेसमध्ये आमच्या वांग्यांची भाजी झाली त्या दिवशी सगळ्या मुली दोनदा वाढून घेत होत्या.

हे सगळं चाललं असताना प्राचार्य मागं एकदाही फिरकले नाहीत. त्याचं आम्हाला वाईट वाटलं नाही. त्यांनी तसंच पुढंही फिरकू नये, एवढंच हवं होतं.

तिसऱ्या वर्षी बाहेरून तपासणी समिती येणार असं ठरलं आणि कॉलेजला एकदम हिरवळीची आठवण झाली. फाटकापासून ऑफिसपर्यंतची झुडपं उपटून तिथं लॉन अंथरलं. मधे कारंजं आणि सिमेंटचं हरीण. चंद्रपूरचा उन्हाळा कसा असतो हे ज्यांनी भोगलं आहे त्यांना सांगायला नको. दुपारी लोखंडी कडीला हात लावता येत नाही. तशा उन्हात ते लॉन जगवायचं म्हणून विहिरीवरच्या मोटरचा पाईप तिकडं वळवला. आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं, तेही पहाटे, करंगळीएवढ्या धारेनं.

आंघोळी कमी झाल्या, तसं झाडांचं पाणीही तुटलं. वांगी आधी गेली. मग आवळ्याची पानं गळाली. आम्ही मंडळाच्या सरांकडं गेलो.

"थोडे दिवस कळ काढा," सर म्हणाले. "कॉलेजच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"सर, मुलींना आंघोळीला पाणी नाही," मी म्हटलं.

"मी पण घरी एकाच बादलीत आंघोळ करतो," सर म्हणाले आणि पेपर तपासायला लागले. त्यांच्या मागं खिडकीत कूलर चालू होता. त्यात पाणी भरलेलं होतं.

दोन दिवसांनी माणसं आली आणि आमच्या झाडांसमोर बांबू रोवून हिरवी जाळी बांधून गेली. समितीच्या नजरेला सांडपाणी पडू नये म्हणून. तोवर मी चिडलेली होते. ती जाळी पाहिल्यावर मात्र मला तो अपमान वाटला. दोन वर्षं खपून केलेलं काम त्यांना झाकून ठेवण्यासारखं वाटलं होतं.

जोडीदारीण जाळी सारून आत गेली आणि झाडांची माती चाचपून आली. मग म्हणाली, "पाणी समोर आहे ना? मग समोरून भरू."

समिती आली त्या सकाळी वसतिगृहातल्या झाडून सगळ्या मुली बकेट घेऊन लॉनवर गेल्या. ओरडायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, असं तिनं सगळ्यांना आधीच बजावलं होतं. आम्ही रांग लावली. लॉनवर सोडलेला पाईप उचलला, बकेटी भरल्या आणि ऑफिससमोरून चालत वसतिगृहाकडं निघालो. प्राचार्य पायऱ्यांवर हार घेऊन उभे होते. ते आम्हाला हटवायला हात करू लागले. तेवढ्यात गाड्या आल्या.

समितीतल्या एक बाई उतरल्या. चष्मा डोक्यावर सरकवून त्यांनी आमच्याकडं पाहिलं. "अरे वा," त्या म्हणाल्या, "मुली स्वतः पाणी घालतात का झाडांना?"

"आमच्या नळाला पाणी नाई मॅडम," जोडीदारीण स्पष्ट बोलली. "म्हणून आमी इथून भरून राह्यलो. आंघोळीले."

बाईंनी ऐकलं. ऐकलंच, कारण त्या क्षणभर थांबल्या होत्या. पण प्राचार्य पुढं झाले आणि म्हणाले, "आमच्याकडं विद्यार्थिनींचा सहभाग फार आहे." बाई हसल्या. "छान, छान." सोबतच्या फोटोग्राफरनं आमचा फोटो काढला. मग सगळे चहाला आत गेले.

मी बकेट तिथंच उपडी केली. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता. शिवी दिली असती, दगड मारला असता तर आमची काही तक्रार आहे, एवढं तरी त्यांना नाकारता आलं नसतं. आम्ही नीट, शांतपणे खरं सांगितलं, आणि त्यांनी त्याचीच शोभा करून घेतली.

समिती गेल्यावर प्राचार्यांनी आम्हा दोघींच्या पालकांना बोलावणं धाडलं. माझे बाबा सकाळच्या बसनं आले, धुतलेलं धोतर नेसून. प्राचार्यांनी त्यांना बसायला सांगितलं नाही.

"मुलीला शिकायला पाठवलं आहे की राजकारण करायला?"

"साहेब, पोरगी पाणीच त भरून राह्यली होती," बाबा म्हणाले.

"कॉलेजची बदनामी केली तिनं. माफी मागायला सांगा."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "तुले मागाची हाय का?"

"नाई," मी म्हटलं.

"नाई म्हणते साहेब," बाबा म्हणाले. "मी काऊन जबरदस्ती करू?"

मला ताकीद देऊन सोडलं. जोडीदारणीच्या घरचं कोणी आलंच नाही. निरोप तिच्या गावाला पोचला की नाही, हेही कोणाला माहीत नव्हतं. प्राचार्यांनी तेवढंच धरलं. पालक हजर होत नाहीत, सबब वसतिगृहातली जागा रद्द. आणि रेक्टरबाईंच्या देखत तिला म्हणाले, "तुमच्या तिकडच्या जंगलातली हवा इथं आणू नका." त्या काळी गडचिरोलीच्या मुलीला असं म्हणण्याचा अर्थ काय होतो, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. एकदा नक्षलवादी हे नाव चिकटलं की कोण विचारायला येईल आणि कुठं घेऊन जाईल याचा नेम नव्हता. रेक्टरबाई खाली पाहत राहिल्या. ज्या झाडांखाली खुर्ची टाकून त्या बसायच्या ती कोणी लावली, एवढं तरी त्यांनी बोलायला हवं होतं.

आम्ही मुली ऑफिसच्या व्हरांड्यात दिवसभर बसलो. बाहेर कोणी आलं नाही. शेवटी शिपाईभाऊ कुलूप लावायला आले, आणि आम्ही उठलो.

तिला शहरात एका नर्सबाईंच्या घरी मागची खोली मिळाली. मी आणि आणखी दोघी आळीपाळीनं सायकलवर तिला मेसचा डबा पोचवायचो. तिनं परीक्षा दिली आणि माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली. आमच्या नळाला पुन्हा रोज पाणी येऊ लागलं. लॉन जूनच्या आधीच करपलं होतं, कारण समिती गेल्यावर त्याच्याकडंही कोणी पाहिलं नाही. जाळी आम्हीच फाडून काढली. करंज आणि कडुनिंब तगले, बाकीची झाडं गेली.

कॉलेजच्या वार्षिकात आमचा तो फोटो छापून आला. पुढं ती, मागं मी, हातात भरलेल्या बकेटी. खाली ओळ होती: हरित परिसरासाठी विद्यार्थिनींचे श्रमदान.

मी अंक घेऊन तिच्या खोलीवर गेले. ती चुलीपाशी बसली होती. तिनं फोटो पाहिला, ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"हे पाहून कोणाले समजन का, आपल्याले पाणी नव्हतं म्हणून?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. तिनं अंक मिटून माझ्या हातात दिला आणि भाताखालचा जाळ सारखा केला. ती पुढं आश्रमशाळेत शिक्षिका झाली, आता त्या दिवसांबद्दल हसून बोलते. मला अजून तसं हसता येत नाही, आणि यावंसंही वाटत नाही.