साखळीचं दुसरं टोक

फाटकाची गंजलेली साखळी काढली, की हाताला लोखंडाचा वास लागतो आणि मला जिंतूरकडचा तो ओढा आठवतो. निजामाच्या राजवटीत मी जमीन मोजणीच्या कामावर उमेदवार होतो. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मोजणीदारांना आम्ही उस्ताद म्हणायचो. त्यांचा पहिलाच धडा विचित्र होता. रानात कोणाला नावानं हाक मारायची नाही, नुसतं ‘साखळी!’ म्हणायचं.

त्या भर दुपारी मोजणीच्या साखळीचं एक टोक माझ्या हातात होतं. दुसरं घेऊन आमचा गडी किसन कोरड्या ओढ्यात उतरला आणि दिसेनासा झाला. उन्हानं डोकं तापलेलं. मी धडा विसरलो. “किसन, धरलीस का?”

“धरली,” खालून आवाज आला. साखळी ताठ झाली. मी माप लिहिलं.

तेवढ्यात पाठीमागून किसन आला, हातात पाण्याची घागर. “मला हाक मारली का तुमी? साखळी दगडाखाली ठिवून पाण्याला गेलतो मी.”

“नाव घेतलंस?” उस्तादांनी मला विचारलं. मी मान डोलावली. “मग आता ओढू नको. हळू सोड.”

मी सोडली. साखळी खळखळत ओढ्यात गेली, पार शेवटच्या कडीपर्यंत. उस्तादांनी वाकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नवी साखळी आणली.

तेव्हा ते न पाहणं मला त्यांची हिंमत वाटली. आता वाटतं, त्यांनीही कधीतरी कोणाचं नाव घेतलं असणार.

पुढं माझ्या हाताखाली कितीतरी उमेदवार शिकले. नाव घ्यायचं नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं. का, ते एकालाही नाही.