मालतीबाईंचं ‘आहे’

हल्ली लोक मालतीबाईंबद्दल गोड गोड बोलतात, आणि माझं डोकं फिरतं. गोड कसली? बाई भांडखोर होती. आधी भांडली ती आमच्याच घराशी, म्हणून सांगायचा हक्क माझा.

चौऱ्याहत्तर साली त्या जालन्याकडून वाशीत आल्या. नवरा शिवराम तुर्भ्याला रंगाच्या कारखान्यात, आणि त्या स्वतः तिथल्याच एका कंपनीत औषधाच्या गोळ्या डब्यांत भरायच्या. उंच बाई, आवाज दांडगा. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये आमची मराठी ख्रिस्ती मंडळी जमायची. तिथे सतरंज्या पसरायचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. गीतं बेसूर म्हणायच्या, पण सगळ्यांच्या वरचढ.

मंडळीत आमी नगरकडचे आणि ते जालन्याकडचे. वरवर सगळे भाऊ-बहीण, भेटलं की “सलाम, सलाम”. आतून मात्र प्रत्येकाला पाठ, कोणाचे आजोबा कुठल्या वाड्यातले. जात म्हणा की सरळ! आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, येशूला मानलं, शेजारच्या वाड्याला काही मानलं नाही. माझ्या सासूबाई, विमलबाई, त्यात सगळ्यांच्या पुढे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकरीचा तुकडा घ्यायचा, आणि द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांच्या हातून फिरायचा. त्र्याऐंशी साली आमच्या सेक्टरात कावीळ पसरली, तेव्हा मंडळीच्या पंचांनी छोटे ग्लास आणायचं ठरवलं. चांगलंच होतं ते. दोन ट्रे आले, चाळीस-चाळीस ग्लासांचे.

आता लाज सोडून सांगते. सासूबाई मला म्हणाल्या, “जयमाला, त्या जालन्याकडच्यांचा ट्रे वेगळा असू दे. ग्लासांना बुडाशी खूण कर.” आणि मी केली. लाल नेलपॉलिशच्या चाळीस टिकल्या, दुपारी रेडिओ ऐकत.

ग्लास धुवायचं काम मालतीबाईंनी घेतलं होतं. पहिल्याच महिन्यात त्यांना टिकल्या दिसल्या. पुढच्या महिन्यात कुठला ट्रे कोणाकडे जातो ते नीट बघून घेतलं.

प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, दर वेळी विचारायचे, “कोणाचं कोणाशी वैर आहे काय? असल्यास आधी समेट करा, मग मेजाजवळ या.” आमी माना खाली घालायचो, ते क्षणभर थांबायचे आणि पुढे वाचायचे. उभ्या जन्मात या प्रश्नाला उत्तर आलेलं मी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात मालतीबाई उठल्या. “आहे.”

पाळकसाहेबांचा चष्माच घसरला. “कोणाशी, बाई?”

“ते मंडळीनं सांगावं. ग्लास उलटे करून बघा.”

एक माणूस हलला असेल तर शपथ. माझे मालक अरविंद पंचकमिटीचे सेक्रेटरी. ते म्हणाले, “हे आपण उपासनेनंतर बोलू.”

“नंतर कामून? आधी समेट, मग मेज. नियम तुमचाच हाय.”

पाळकसाहेबांनी मेजावर पांढरं कापड परत ओढलं. त्या महिन्यात प्रभुभोजन झालं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्याही. लोक करवादले. बाईला अक्कल नाही, बाईला वेड लागलंय, असं सगळं बोलून झालं. ग्लास मात्र कुणी उलटा केला नाही. काय आहे ते माहीत होतं ना सगळ्यांना!

मग अरविंद आणि दोन पंच त्यांच्या घरी गेले. बायकांतर्फे म्हणून मला नेलं. एका खोलीचं घर, खाटेवर शिवराम, छातीच्या दुखण्यानं पार वाळलेला.

“मालतीबाई, उगाच टेन्शन वाढवू नका,” अरविंद म्हणाले. “गप बसा, नाहीतर पटावरून नाव काढावं लागेल.”

पटावरून नाव काढणं म्हणजे मयतीलाही मंडळी येणार नाही. खाटेवर नवरा तसा पडलेला, आणि हे बोलणं! मला वाटलं, आता बाई मोडणार. त्यांनी एकदा शिवरामकडे बघितलं.

“काढा,” त्या म्हणाल्या. “पण कारण सगळ्यांसमोर वाचून दाखवा. ग्लासाखाली बघा म्हणाली, म्हणून काढली.”

शिवराम खाटेवरूनच म्हणाला, “मला माती द्यायला ही एकटी बास हाय. या तुमी.”

मला इतकी शरम वाटली, की घरी येईपर्यंत मी अरविंदशी बोलले नाही. पुढच्या प्रभुभोजनाला पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला, तेव्हा मालतीबाईंच्या आधी मीच उठले. “टिकल्या मी लावल्यात. जालन्याकडच्यांचे ग्लास वेगळे ठेवायला.”

सासूबाईंनी माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला, मग तरातरा उठल्या आणि चपला घालून निघून गेल्या. मी मालतीबाईंपुढे हात जोडले. त्या म्हणाल्या, “माफ करायला वेळ लागंल मला. पण बस माझ्या शेजारी.”

पाळकसाहेबांना हायसं वाटलं. दोन्ही ट्रे त्यांनी स्वतः एकत्र केले आणि हसून विचारलं, “आता तर कोणाचं वैर नाही?”

“आहे!”

अख्ख्या हॉलनं कपाळावर हात मारला.

“विमलबाईंशी आहे. त्या कुठायत?”

एक पंच म्हणाला, “उपासनेतून उठून गेल्या. त्यांचंच नाव काढू आता.”

तेव्हा जी भडकली बाई! “खबरदार! काल माझं काढत होता, आज तिचं? कुणाचंच नाव निघणार नाही इथं. आपल्याच माणसाशी वैर हाय माझं, परक्याशी कोण भांडतं?”

त्या दुपारी चार वाजता शिवरामपाशी शेजारीण बसवून त्या आमच्या दारात आल्या. उंबऱ्यातच बसल्या. सासूबाई तोंड फिरवून आत उभ्या.

“विमलबाई, पाणी द्या.”

सासूबाईंनी मला खूण केली. “हिच्या हातचं नको,” मालतीबाई म्हणाल्या. “तुमी द्या.”

बऱ्याच वेळानं सासूबाईंनी फुलपात्र भरून आणलं आणि पुढ्यात आदळलं. मालतीबाई अर्धं प्यायल्या, आणि राहिलेलं पुढे सरकवलं. “हे तुमचं.”

“मला तहान नाही.”

“लागंल. बसते मी.”

आणि बसल्या की! अरविंद बाहेर जाऊन आले, शेजारपाजारचे डोकावून गेले, माझा स्वयंपाक व्हायला आला. सव्वासहाला सासूबाईंनी फुलपात्र उचललं, आणि मालतीबाईंना, मला आणि बारा प्रेषितांना शिव्या घालत सगळं पाणी पिऊन टाकलं.