खंडेनवमीला बंद पडलेला कॉम्प्युटर

पुंडलिकनगरात द्वारकाबाईंना कुणी विचारू दे, "सून काय करते?" त्या आधी पदर नीट करणार, मग सांगणार, "आमची दीपमाला कॉम्प्युटर चालवते." ट्रॅक्टर चालवावा तशा थाटात! पुढच्या खोलीत बसून दीपमाला लग्नपत्रिका, अर्ज, क्लासवाल्यांचे पेपर टाईप करून देते. पोरगी लासूर स्टेशनची. लग्नानंतर कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली तेव्हा भावकीनं नाकं मुरडली. द्वारकाबाईंनीच ठणकावलं, "भाकरी मी थापते, तुमच्या पोटात का दुखतं?"

आणि याच बाईनं खंडेनवमीला घोळ घातला बघा. गावाकडं विळे-खुरपी पुजण्यात जन्म गेलेला. सुनेचं औजार कोणतं, तर हे! दीपमाला बाजारात गेली होती. द्वारकाबाईंनी कॉम्प्युटरच्या डब्याला हळदी-कुंकू लावलं, झेंडू वाहिला, मूठभर अक्षता टाकल्या, फुलानं पाणीसुद्धा शिंपडलं. वरच्या जाळीतून निम्मी पूजा डब्याच्या पोटात गेली, हे त्यांच्या ध्यानीमनी नाही.

दीपमालानं येऊन बटण दाबलं. आत कर्रर्र झालं, पीं-पीं वाजलं, पडदा काळाच. तिनं झटकन वायर उपसली आणि तिचा चेहराच उतरला. आत सखाराम गुरुजींचं पुस्तक होतं. गुरुजींची नजर गेलेली. ते रोज सकाळी येऊन आपल्या शाळेच्या आठवणी सांगायचे, ही टाईप करायची. कागदावर एक ओळ नव्हती. दुसरीकडं उतरवून ठेवायचं आज-उद्या करत राहून गेलेलं.

"मीच मेलीनं केलं," द्वारकाबाई मटकन खाली बसल्या. "आता त्या माणसाला काय तोंड दाखवू?"

सुदर्शननं, म्हणजे दीपमालाच्या नवऱ्यानं, ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "तो म्हणतो घेऊन या, पण सगळं पुसून नव्यानं टाकावं लागंल."

"काही पुसायचं नाय," दीपमाला म्हणाली. "पुस्तक डिस्कमधी हाय. तिथवर पाणी गेलं नसंल. आत्याबाई, खरं सांगा, काय काय वाहिलं?"

द्वारकाबाईंनी सगळं कबूल केलं. हळद, कुंकू, तांदूळ, पाणी.

"नारळ फोडला?"

"नाय गं बाई, तेवढा राहिला!"

"देव पावला," दीपमाला म्हणाली, आणि एवढ्या काळजीतही तिला हसू फुटलं.

दसऱ्याला लोक सोनं द्यायला येत होते आणि डबा पुढच्या खोलीत उघडाच, पंख्याखाली वाळत पडलेला. येणारा जाणारा विचारायचा, द्वारकाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चांगलं खडखडीत वाळल्यावर दीपमालानं ब्रशनं कुंकू झाडलं. आतल्या छोट्या पंख्यात अडकलेले तांदूळ चिमट्यानं एकेक काढले. मेमरीची पट्टी उपसून तिची पितळी कड खोडरबरानं घासली आणि पुन्हा दाबून बसवली. द्वारकाबाई उजेडासाठी हातात बॅटरी धरून उभ्या.

बटण दाबलं. पडदा उजळला! पण त्यावर लिहून आलं की डिस्क सापडत नाही.

"गेलं का गं?" द्वारकाबाईंना रडू आवरेना.

"थांबा हो. झाडताना वायर ढिली झाली असंल." दीपमालानं वायर काढून पुन्हा नीट खोचली. परत बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर रोजच्यासारखा, काही झालंच नाही अशा शहाजोगपणे सुरू झाला. पुस्तक उघडलं. पानन् पान जागेवर. आधी तिनं ते पेनड्राईव्हवर उतरवलं, मग खुर्चीला पाठ टेकली.

गुरुजी आले तेव्हा द्वारकाबाईंनी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. गुरुजी खो-खो हसले. "वहिनी, छापायच्या आधीच पुस्तकाची पूजा झाली की माझ्या! अन् तुमची सून लई हुशार बरं का."

"व्हयच मुळी!" द्वारकाबाई म्हणाल्या, आणि तडक आत जाऊन मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन बाहेर आल्या.

दीपमाला किंचाळली, दोन्ही हात पसरून कॉम्प्युटरच्या आडवी उभी राहिली. "आत्याबाई, पाया पडते, त्याची दृष्ट काढू नका!"

"त्याची कोण काढतंय?" द्वारकाबाईंनी तिचा दंड धरून तिला पाटावर बसवलं. "तुझी काढते. गप बस."