तात्यांची मुलाखत, सहीसकट

बारावीच्या इंग्रजीत ‘यशस्वी व्यक्तीची मुलाखत घ्या’ हा प्रश्न हमखास यायचा. बारामतीच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात अख्ख्या वर्गानं त्यासाठी गाईडमधले दहा प्रश्न पाठ केले होते. शास्त्रज्ञ आला तरी तेच, क्रिकेटपटू आला तरी तेच. मॅडमना ते बघवेना. त्यांनी फर्मान काढलं : खऱ्या माणसाची मुलाखत घ्या, इंग्रजीत लिहा आणि खाली त्याची सही आणा.

आता आमच्या पणदरे गावात मी यशस्वी माणूस कुठून आणू? घरात तात्या होते, म्हणजे माझे वडील. ऊस, चार गाई आणि स्वतःबद्दल उत्तम मत, एवढ्यावर मी त्यांना यशस्वी ठरवलं. खरं तर आमचं तेव्हा पटत नव्हतं. मला पुण्याला राहून इंग्रजीत बीए करायचं होतं आणि ते म्हणायचे, “बारामतीत काय कमी हाय?” या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावात कुणाकडेच नसतं.

मुलाखत म्हटल्यावर तात्यांनी दाढी केली, इस्त्रीची टोपी घातली आणि अंगणात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडल्या. शेजारची चार-पाच माणसं धारा उरकून बघायला आली.

“प्रश्न आदी इंग्लिशमधी इचार. मग मराठीत सांग,” तात्यांनी बजावलं.

प्रश्न मी गाईडमधलेच घेतले होते. चौथ्याला अडखळले. “तात्या, पुरस्कार मिळाल्यावर कसं वाटलं, असं हाय ह्यात. सोडून देऊ.”

“सोडायचा कशाला? पुस्तकात हाय न्हवं?” त्यांनी डोळे मिटले. “आनंद झाला. पण आमी हुरळून गेलो न्हाय.”

शेजारच्या आबांनी टाळ्या वाजवल्या. कसला पुरस्कार, असं एकानं विचारलं, तर तात्यांनी त्याला हातानंच गप्प केलं. पुढच्या आठवड्यात डेअरीवर दोघांनी त्यांचं अभिनंदन केलं आणि त्यांनी ते स्वीकारलं. आई म्हणाली, “कपाटात जागा करून ठिवते.”

शेवटचा प्रश्न तरुणांना संदेश काय, हा होता. तात्या म्हणाले, “येळंवर उठा. तंबाखू-मावा खाऊ नका.” मुलाखत संपली.

मॅडमना प्रत्येक उत्तर पाच ओळींचं हवं होतं. मावा ताणून ताणून किती ताणणार? गाईडमध्ये तयार उत्तर होतं : मुलींना जे शिकायचं आहे ते, हव्या त्या गावी जाऊन शिकू द्या. मी ते उतरवलं. जागा भरायची होती म्हणून, असं मी बरीच वर्षं सांगत आले, पण ते खरं नाही. तात्यांनी वहीचं एकेक पान गंभीरपणे उलटलं आणि खाली ठसठशीत सही केली. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

निकाल लागला आणि पुण्याचा विषय पुन्हा निघाला. तात्या नाही म्हणाले. मी ती वही आणली, शेवटचं उत्तर त्यांना इंग्रजीत वाचून दाखवलं, मग मराठीत सांगितलं.

तात्यांनी वही हातात घेतली. “मी मावा म्हणलो हुतो.”

मी मान खाली घातली. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. “खोटं लिवलं मी तात्या. तुमी न्हवता म्हणला तसं.”

त्यांनी स्वतःच्या सहीवरून बोट फिरवलं. मग वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली.

“पुरस्कारबी खोटाच हुता की. त्यो घेतला न्हवं आमी?” ते म्हणाले. “पुण्याला कधी निघायचं, त्ये सांग.”