दांडीची उंची

नव्या बाथरूममध्ये आज पहिल्यांदा पाय ठेवला, तर आधाराची दांडी माझ्या हाताला चार बोटं उंच लागली. माझ्या खोलीला लागून हे बाथरूम करायचं ठरलं, तेव्हा मुलगा म्हणाला होता, "आई, तुझ्या गुडघ्यांसाठीच करतोय." गवंड्याने मला भिंतीशी उभं करून पेन्सिलीने खूणही केली होती.

"दांडी उंच बसली रे," मी मुलाला म्हटलं.

"माझ्या सासूबाईंच्या मापाने बसवलीय. त्या आता इथेच राहणार, या खोलीत. तुला हॉलमध्ये झोपायला चालेल ना?"

तो इतक्या सहज बोलला, की मला भांडताही आलं नाही. परक्याने फसवलं तर माणूस ओरडतो. पोटच्या पोराने फसवलं, तर आपलंच काय ऐकायचं राहिलं ते आठवत बसतो. मी कपाटातल्या साड्या बाहेर काढायला घेतल्या.