रांजणाचं झाकण

उन्चाटला वाट बघता येत नाही, हे एकाच लांब ओसरीवर ओळीनं सगळ्यांच्या खोल्या असलेल्या आमच्या लांबघरात झोळीतल्या पोरालाही ठाऊक होतं. मिरीचे घोस पिकायच्या आत तोडून मोकळा होणारा माणूस. बांबूतला भात शिजायच्या आत फोडणार, आणि जीभ भाजली म्हणून सगळ्या ओसरीला ऐकवणार. त्याची बायको लेमाय गवायच्या, म्हणजे कापणीनंतरच्या सणासाठी तुआक, म्हणजे आमची तांदळाची बिअर, लावायची तेव्हा तिचं अर्धं लक्ष रांजणावर असायचं आणि अर्धं नवऱ्यावर.

"उघडू का? नुसता वास घेतो," तो म्हणायचा.

"हात लावलास तर हात मोडीन. उघडलं की नासते."

जन्मभर हेच चाललं. आणि सणाला तिची तुआक अशी उतरायची, की दारोदार एकेक पेला घेत निघालेले पाहुणे तिच्या दारात फतकल मारून बसायचे आणि पुढच्या दारातली माणसं ताटकळायची.

मागच्या कापणीनंतर लेमाय गेली. चुलीवरच्या परडीत तिनं वळून ठेवलेल्या खमिराच्या वड्या तेवढ्या उरल्या. सण जवळ आला तसं उन्चाटनं ओसरीवर जाहीर करून टाकलं, "यंदाही माझ्या दारात लेमायचीच तुआक मिळेल. तिच्या हातच्या खमिराची, शेवटची."

शेजारच्या खोलीतली जेलियानची आई म्हणाली, "मी येते दाखवायला."

"काही नको. इतकी वर्षं डोळे मिटून होतो का मी?"

त्यानं चिकट तांदूळ शिजवला, चटईवर पसरून पुरता गार केला, सगळ्या वड्या कुस्करून त्यात मिसळल्या. एकही मागं ठेवली नाही. रांजणाच्या तोंडावर कापड बांधलं, वर झाकण ठेवलं.

मग खरी परीक्षा सुरू झाली. तुआक मुरत असताना त्या खोलीत आंबट खायचं नाही आणि भांडायचं नाही, नाहीतर ती आंबते अशी आमच्याकडं समजूत. कैरीवर जीव टाकणाऱ्या उन्चाटनं कैरी सोडली. सिबू शहरातून मुलीचा, सेनियाचा, फोन आला, "बाबा, मी बिअरचे डबे आणते. तुझ्याच्यानं व्हायचं नाही ते." एरवी त्यानं फोन नदीत फेकला असता. आता म्हणाला, "आण हो बाळा."

"बाबा, तुला बरं आहे ना?" सेनिया घाबरली.

पहिले काही दिवस रांजणातून बारीक चुळबुळ ऐकू यायची, गोड वास यायचा. तो कान लावून बसायचा. मग आवाज थांबला, आणि उन्चाटनं कान आणखी दाबून लावला. मेली की काय? एकदा तर त्यानं कापडाची गाठ अर्धी सोडली. हात मोडीन, हे आठवलं, आणि पुन्हा घट्ट बांधली. त्यानंतर तो ओसरीवरच झोपायला लागला, रांजण नजरेला नको म्हणून. "लेमाय, बघतेस ना? एकदाही उघडलं नाही," असं पुटपुटताना कोणीतरी त्याला ऐकलंही.

सणाच्या सकाळी जेलियानची आई गाळायला मदत करायला आली. उन्चाटनं गाठ सोडली आणि दोघांच्या नाकात आंबट भपकारा गेला. वर करडी बुरशी, खाली पेलाभर पाणी. तिनं बोट बुडवून चाखलं आणि थुंकली.

"पाक कधी घातलास?"

"कसला पाक?"

"साखरेचं पाणी, उकळून निववलेलं. तांदळाला पाणी सुटलं की घालायचं, ढवळायचं, रोज वास घेत राहायचं. बघितलंच नाहीस?"

"उघडलं की नासते, ती म्हणायची."

जेलियानच्या आईनं बोट पुसलं. "अरे बाबा, ते तुझ्यापुरतं होतं. तू बागेत गेलास की ती उघडायची."

लेमाय गेल्यापासून उन्चाट रडला होता, पण रागावला आज पहिल्यांदा. "एकदा सांगायचं तरी मला!"

"सांगितलं असतं तर सणाला थेंब तरी उरला असता का?"



बाहेर घंटा वाजल्या. पाहुणे पहिल्या दाराशी आले होते. सणाला घरी आलेल्या सेनियानं रांजणाला हात घातला, "मागच्या मागं ओतते, कोणाला कळणार नाही." जेलियानची आई आपल्या खोलीतून तुआकचं भरलेलं मडकं घेऊन आली. "ही लेमायची म्हणून वाढ. मीही तिच्याकडूनच शिकले. पाप नाही लागायचं."

हसण्याचे आवाज एकेक दार ओलांडत जवळ येत होते. उन्चाट मडक्याकडं बघत होता. चांगली असणार ती, लेमायच्या नावाला शोभेल अशी. नुसतं हो म्हणायचं होतं.

दारात खालच्या वस्तीचा म्हातारा न्गुम्बांग उभा राहिला. "आणा, लेमायची शेवटची. तिच्यासाठी नदी चढून आलोय."

उन्चाटनं रांजणातलं पाणी पेल्यात गाळलं. "ही तिची नाही," तो म्हणाला. "तिचं खमीर मी नासवलं. ही माझी आहे. पहिलीच." आणि एका दमात अर्धा पेला प्याला. डोळ्यांत पाणी आलं, ते आंबटानं आलं असं त्यानं भासू दिलं.

न्गुम्बांगनं हात पुढं केला. "दे." एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं. "उन्चाट, अगदी तुझ्यावर गेलीय रे!"

ओसरी हसली. तोही हसला. मग जेलियानच्या आईचं मडकं तिच्याच नावानं पुढं आलं, आणि वाढायला उन्चाट बसला. झाकणावर हात ठेवून तो सवयीनं म्हणाला, "उघडू का?"

कोणीच नको म्हटलं नाही. तरी तो जरा वेळ थांबला.